घरगुती लेप: काय घालता यापेक्षा कशात कालवता आणि कधी काढता ते बघा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई २८ वर्षांच्या, नाशिकच्या. नाक-कपाळ तेलकट, गाल कोरडे, पाळीच्या आधी हनुवटीवर पुटकुळ्या आणि त्यांचे जुने काळपट डाग. डिसेंबरात भावाचं लग्न आहे. व्हिडिओ बघून त्या बेसन, हळद, लिंबू आणि चिमूटभर खायचा सोडा असा लेप एक दिवसाआड लावतात, कडक वाळेपर्यंत ठेवतात आणि चोळून काढतात. त्या वेळी चेहरा उजळल्यासारखा दिसतो, पण आता गालांवर चुरचुर होते आणि पापुद्रे निघतात. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: आपल्या त्वचेला मानवेल असा वनस्पतींचा लेप कोणता, आईच्या वांगावर (चेहऱ्यावरच्या काळसर चट्ट्यांवर) तोच चालेल का, आणि एकदम जास्त करून बेंगळुरूच्या बहिणीला पाठवता येईल का.

ताई, पहिल्यांदा सध्याचा लेप बंद करा. कमी नाही, बंदच. दोन आठवडे सौम्य फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, एवढंच. चुरचुर आणि पापुद्रे याचा अर्थ त्वचेचं वरचं आवरण खरवडलं गेलंय. अशा चेहऱ्यावर चांगल्यातलं चांगलं काही लावलंत तरी झोंबणारच, आणि मग तुम्ही म्हणाल, हेही मला सोसत नाही. चेहरा शांत झाला की पुढचं करा.

तुमच्या वाटीत काय घडत होतं ते सांगते, कारण असे लेप करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच ५ च्या आसपास (पीएच म्हणजे आम्ल-क्षाराचं माप; आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त). लिंबाचा रस २ ते २.५. ही मोजपट्टी दहाच्या पटीने चालते, म्हणजे आकड्यातला फरक तीनाच्या आत दिसला तरी आम्लता शेकडो पटींनी जास्त असते. खायचा सोडा उलट्या टोकाला, ८ च्या वर. दोन्ही एकत्र केले की फसफसतं, आणि फसफसलं की काहीतरी जोरदार घडतंय असं वाटतं. घडतं इतकंच की दोघं एकमेकांना मारतात. उरतं ते एखाद्या दिवशी आंबट, एखाद्या दिवशी क्षारयुक्त, तुमच्या चिमटीत सोडा किती आला त्यावर. गालांना दोन्ही नकोय.

उजळपणाचं म्हणाल तर तो खोटा नाही, पण तासा-दोन तासांचा आहे. बेसनाच्या रव्याने वरच्या मृत पेशी निघतात, खालचा गुळगुळीत थर प्रकाश सारखा परतवतो आणि चोळल्यामुळे रक्त वर येतं. मग पुन्हा तो उजळपणा हवा म्हणून एक दिवसाआड चोळायचं. मृत पेशींचा थर मुळातून बदलायला तरुण वयात साधारण चार आठवडे लागतात. तुम्ही त्याला दोन दिवसांची मुदत दिली होती.

लिंबाबद्दल आणखी एक, कारण ते सगळ्यांना फार निष्पाप वाटतं. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं, कधी फोड येतात आणि मागे तपकिरी ओघळ उरतात. ते जायला आठवडे, कधी महिने लागतात. काळे डाग घालवायला लिंबू लावायचं आणि दुपारी स्कूटीवर बाहेर पडायचं, ही डाग वाढवायची पद्धत झाली.

आता मूळ मुद्दा. मी वैद्य आहे. चिकित्सालयात मुखलेप नेहमीचेच, आणि दिवाळीआधी उटण्याची चूर्णं समोर बसून करून घेते. लोक मला कायम विचारतात, काय घालू? चंदन घालू की मंजिष्ठा? माझ्या मते त्याचा नंबर चौथा. आधी तीन गोष्टी: चूर्ण किती बारीक आहे, ते कशात कालवलंय आणि चेहऱ्यावरून कधी काढलंय. या तीन जमल्या तर साधी मसुराची डाळसुद्धा काम करते. या बिघडल्या तर केशर घातलंत तरी पैसे पाण्यात.

शेवटच्यापासून सुरू करते. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, सूत्रस्थान या भागाच्या २२ व्या अध्यायात मुखलेपाचे नियम दिलेत. लेपाची जाडी अंगुळाचा चौथा, तिसरा किंवा निम्मा भाग. लेप ओला असेपर्यंतच ठेवायचा, कारण सुकलेला लेप कांती बिघडवतो. काढताना आधी पाण्याने भिजवायचा आणि काढल्यावर तेल लावायचं. शिवाय लेप असताना दिवसा झोपायचं नाही, बोलायचं नाही, विस्तवाजवळ आणि उन्हात जायचं नाही, शोक करायचा नाही, रागवायचं नाही. राग-शोकाला बायका हसतात. पण बोलून बघा: ओठांच्या कडेला आणि गालाच्या घडीत लेप लगेच तडकतो, आणि तडकला तिथे तो त्वचा ओढायला लागतो. सर्दी, अजीर्ण किंवा रात्रीचं जागरण झालं असेल तर मुखलेप करू नये असंही तिथे आहे. लग्नाच्या आदल्या रात्री दोनपर्यंत मेंदी, संगीत आणि सकाळी उठून फेसपॅक, असं करणाऱ्यांनी हे वाचावं.

जाडीकडे परत येऊ. अंगुळ म्हणजे बोटाची रुंदी, सुमारे दोन सेंटीमीटर. त्याचा चौथा भाग म्हणजे अर्धा सेंटीमीटर! आपण लेप लावतो तो त्वचा दिसेल इतका पातळ, पंख्याखाली बसतो, आणि तो चार-पाच मिनिटांत कोरडा होतो. मग वीस मिनिटं ठेवायचा असं कुठेतरी ऐकलेलं असतं म्हणून उरलेली पंधरा मिनिटं सुकलेलं कवच चेहऱ्यावर घेऊन फिरतो. अर्धा सेंटीमीटर तुम्हाला जमणार नाही, तो ओघळतो आणि आडवं पडावं लागतं. पण कातडी अजिबात दिसणार नाही इतका जाड थर तरी हवाच. पंखा बंद करा.

मुलतानी मातीच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं. ही माती पाणी आणि तेल दोन्ही शोषते, आणि सुकताना आकसते. ओली असते तोवर नाकावरचं तेल घेते. सुकायला लागली की तुमच्या त्वचेतलं पाणी घ्यायला लागते. ‘घट्ट ओढल्यासारखं वाटलं की काम होतंय’ हा समज इथूनच आला. होतं उलट. घड्याळापेक्षा आरसा बघा: लेप सगळा एकदम सुकत नाही. कपाळावर केसांच्या कडेला, नाकपुडीच्या बाजूला आणि जबड्याच्या रेषेवर रंग आधी फिकट पडतो, गालांचा मध्य अजून गडद असतो. कडा फिकट पडल्या की उठायचं. साधारण आठ-दहा मिनिटं, नाशिकच्या उन्हाळ्यात सहा. मग दोन्ही तळवे ओले करून चेहऱ्यावर नुसते ठेवा, मिनिटभर लेप पुन्हा मऊ होऊ द्या, आणि पाण्याने वाहू द्या. चोळायचं नाही, साबण लावायचा नाही. टॉवेलने टिपा, आणि चेहरा दमट असतानाच मॉइश्चरायझर. ग्रंथातलं तेल कोरड्या त्वचेला छान. तुमच्या हनुवटीवर पुटकुळ्या येतात, तिथे खोबरेल तेल तर नकोच. गालांना बदामतेलाचे दोन थेंब चालतील.

बारीकपणा. मिक्सरमधून काढलेलं आणि पिठाच्या चाळणीने चाळलेलं चूर्ण चेहऱ्यासाठी जाडच असतं. वस्त्रगाळ करायला जुनं, धुऊन मऊ झालेलं मलमलचं कापड घ्या, स्टीलच्या डब्याच्या तोंडावर थोडं सैल ठेवून दोऱ्याने बांधा, वर दोन चमचे चूर्ण टाका आणि बोटांनी हळूहळू फिरवत राहा. दाबायचं नाही, दाबलं की रवाही खाली जातो. वर उरतं ते भरड पुन्हा वाटा किंवा अंगाच्या उटण्यात घाला. झालंय का बघायला चिमूटभर चूर्ण अंगठा आणि तर्जनीत चोळा: बोटांच्या रेषांत जाऊन बसलं पाहिजे, कण म्हणून जाणवता कामा नये. मग तेच हाताच्या मागच्या बाजूला, थोडं पाणी लावून. तिथे खरखरलं तर गालावर ओरखडे उठणार. कंटाळवाणं काम आहे, मान्य. वाटीभर चूर्णाला अर्धा-पाऊण तास जातो. पण बाजारात पन्नास रुपयांना मिळणाऱ्या फेसपॅकमध्ये आणि घरच्यात फरक पडतो तो इथे.

काही गोष्टी घरी दळायच्या भानगडीत पडू नका. वाळा तंतुमय असतो, मिक्सरच्या पात्याला गुंडाळतो; नागरमोथ्याच्या गाठी आणि लोध्राची साल कडक. ज्येष्ठमधाचेही तंतूच होतात. ही चूर्णं काष्ठौषधीच्या दुकानातून तयार घ्या, आणि आणल्यावर तरी वस्त्रगाळ कराच. मसूर, सावलीत वाळवलेल्या गुलाबपाकळ्या आणि संत्र्याची साल घरी सहज दळली जातात. मुलतानी माती ढेकळांची मिळाली तर उत्तम. काचेच्या वाटीत ढेकूळ ठेवून वर पाणी ओता आणि हात लावू नका. बारीक बुडबुडे येत ते आपोआप विरघळून बसतं, वाळू तळाशी राहते. वरचा मऊ गाळ चमच्याने उचलायचा.

आता कशात कालवायचं. लोक औषधांवर चर्चा करतात आणि कालवायला जे हाताशी येईल ते घेतात, हे माझ्या दृष्टीने उलटं आहे, कारण चेहऱ्याला लागतं त्यातलं निम्म्याहून जास्त हेच असतं.

नुसतं पाणी वाईट नाही, पण लवकर उडतं. गुलाबपाणी घेताना बाटलीवर घटक वाचा. कित्येकांत गुलाबाचा नुसता सुगंध असतो, आणि सुगंधी द्रव्यं ही नाजूक त्वचेला पुरळ येण्याचं नेहमीचं कारण आहे. दूध कोरड्या त्वचेला चांगलं, निरसं नको, तापवून गार केलेलं. दह्यात लॅक्टिक आम्ल असतं, ते मृत पेशी हळुवार सैल करतं, म्हणून तेलकट भागाला ताजं, गोड दही छान. चार दिवसांचं आंबट दही नको. साय कोरड्या गालांना, पुटकुळ्यांवर नाही. मध पाणी धरून ठेवतो, म्हणून कुठल्याही लेपात अर्धा छोटा चमचा मध घातला की लेप उशिरा सुकतो. ही युक्ती मी सगळ्यांना सांगते.

कोरफडीला थोडी वेगळी वागणूक हवी. पान कापलं की सालीलगत पिवळसर चीक सुटतो. काही जणींना त्यानेच खाज येते आणि दोष गराला जातो. कापलेलं टोक खाली करून पान दहा-पंधरा मिनिटं वाटीत उभं ठेवा, चीक निथळू द्या, धुवा, मगच साल काढून पारदर्शक गर घ्या. तोही त्याच दिवशी संपवा.

तुमच्यासाठी मी असं करेन. चेहरा एक आणि त्वचा दोन प्रकारची, तेव्हा कोरडं चूर्ण एकच ठेवा आणि वाट्या दोन करा. चूर्णाचं प्रमाण: मसूर १०० ग्रॅम, ज्येष्ठमध २५, नागरमोथा २५, गुलाबपाकळी २५, मंजिष्ठा १०. मंजिष्ठेने लेपाला विटकरी रंग येतो, पांढरा टॉवेल वापरू नका. एका वेळेला दोन छोटे चमचे चूर्ण पुरतं. पहिल्या वाटीत एक चमचा चूर्ण, अर्धा चमचा मुलतानी माती, ताजं दही: हे नाक, कपाळ, हनुवटीला. दुसऱ्या वाटीत एक चमचा चूर्ण, दूध, थोडा मध: हे गालांना. गालांना माती नाही. कालवून पाच मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे डाळीचं पीठ पाणी पिऊन फुगतं आणि नंतर चेहऱ्यावर ओढत नाही. आठवड्यातून एकदा, फार तर तेलकट भागाला दोनदा.

हळद यात मी मुद्दाम घातलेली नाही. घालायचीच असेल तर चिमूटभर आंबेहळद घ्या, ती पिवळा डाग कमी सोडते. स्वयंपाकाच्या हळदीचा रंग रोमछिद्रांत आणि भुवयांत बसतो, मग तो काढायला साबण घासला जातो, आणि साबण लागताच डाग लाल होतो. क्षार लागला की हळद लाल होते, पारंपरिक कुंकू हळदीवर क्षाराची प्रक्रिया करूनच तर बनतं. घाबरण्यासारखं काही नाही, पण लग्नाच्या आठवड्यात ही गंमत नको.

पुटकुळ्यांसाठी शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदग्रंथातला लोध्र, धणे आणि वेखंड हा लेप वैद्यांच्या रोजच्या वापरातला आहे. तिथे तो तारुण्यपिटिकांसाठी, म्हणजे याच त्रासासाठी सांगितलाय. परंपरेने तिन्ही समभाग घेतात. मी वेखंड निम्म्याहून कमी घेते, कारण ते उष्ण आणि तीक्ष्ण आहे, शहरात फेसवॉश आणि सीरम वापरून पातळ झालेल्या त्वचेला झोंबतं. सगळ्या चेहऱ्याला नाही, फक्त पुटकुळीवर, पाण्यात कालवून, ओला असेतो. फुटलेल्या किंवा पू धरलेल्या पुटकुळीवर काहीच नको. आजीच्या पद्धतीने सहाणेवर जायफळ उगाळून लावणाऱ्यांनाही हेच सांगते: एखाद्या ठिपक्यापुरतं ठीक, गालभर नाही. मात्र दर महिन्याला पाळीच्या आधी हनुवटीवरच येत असतील, सोबत पाळी अनियमित असेल किंवा ओठांवर-हनुवटीवर केस वाढत असतील, तर कारण आतलं आहे. तपासण्या करून घ्या, लेप तिथे अपुराच पडणार.

चंदनाचं सगळ्यांना आकर्षण. खरं श्वेतचंदन इतकं महाग आहे की स्वस्तातल्या ‘चंदन पावडर’ पुडीत बहुधा दुसऱ्याच लाकडाचा सुवासिक भुसा असतो. घरात खोड असेल तर सहाणेवर चार वळसे उगाळून घाला, नाहीतर सोडून द्या, काही अडत नाही. रक्तचंदनाला मुळात सुगंध नसतो. पुडी घमघमत असेल तर त्यात अत्तर आहे हे समजा.

‘नैसर्गिक आहे, मग काय होणार?’ हे वाक्य चिकित्सालयात ऐकलं की मी बिब्ब्याचं नाव काढते. बिब्बा झाडालाच लागतो, आणि कातडीला लागला की फोड आणतो. आंब्याचा चीकही झाडाचाच, आणि तो ओठाला लागून उतणारी मुलं कोकणात दर उन्हाळ्यात दिसतात. वनस्पती स्वतःच्या रक्षणासाठीच ही द्रव्यं तयार करते, आपल्या चेहऱ्याचा विचार करून नाही. म्हणून काही गोष्टी चेहऱ्यापासून लांब ठेवा. बावची सगळ्यात आधी. काही उटण्यांच्या यादीत ती अजून असते. बावचीतलं सोरॅलेन त्वचेला उन्हाबाबत इतकं हळवं करतं की कोडाच्या उपचारात तिचा वापर उन्हासोबत, मोजूनमापून करतात. तसलं उटणं लावून सकाळच्या उन्हात फटाके उडवायला गेलेला चेहरा काळवंडतो. लसूण आणि दालचिनी भाजतात. कच्च्या पपईचा चीक, अक्रोडाच्या सालीचा भरडा, टूथपेस्ट, तुरटीचं दाट पाणी, थेट बाटलीतून टाकलेले सुगंधी तेलाचे थेंब, सगळं बाद. पिकल्या पपईचा गर चालतो, बहुतेकींना मानवतो.

कुठलाही नवा लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लावून बघा, चेहऱ्यावर ठेवणार तेवढाच वेळ. धुतल्यावर दोन दिवस वाट पाहायची, कारण ॲलर्जीची पुरळ दुसऱ्या दिवशीही उठते. मग जबड्याच्या कडेला कानाजवळ एकदा. दोन्हीकडे शांत राहिलं तरच चेहरा. पुटकुळ्यांसाठी अडापलीन किंवा ट्रेटिनॉइनसारखं मलम चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाच लेप नको. थ्रेडिंग, वॅक्सिंग केल्यावर दोन दिवस थांबा.

लग्न डिसेंबरात म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे. दोन आठवडे विश्रांती, मग आठवड्याला एक लेप. जुने डाग हळूहळू फिकट होतात ते मुख्यतः सनस्क्रीनमुळे आणि तुम्ही पुटकुळ्या फोडणं थांबवल्यामुळे. लेपाचा त्यात वाटा छोटा. खड्डे असतील तर ते कुठल्याच लेपाने भरत नाहीत. लग्नाआधीच्या दहा दिवसांत नवीन काहीही नाही, मैत्रिणीने शपथेवर सांगितलं तरी. शेवटचा लेप दोन दिवस आधी. हळदीच्या दिवशी चेहऱ्याला आधी मॉइश्चरायझरचा हात फिरवा, हळद बसत नाही.

आईचं वांग. नाही, हा लेप त्यांच्या वांगावर उत्तर नाही. वांगामागे ऊन, अंतःस्रावी (हार्मोन्सचे) बदल आणि घराण्यातला कल असतो, आणि त्वचा चिडली की ते अजून गडद होतं. म्हणजे चोळणं, लिंबू, झोंबणारा कुठलाही लेप, सगळ्याने वाढणारच. रक्तचंदन, मंजिष्ठा, लोध्र, कुष्ठ (हे वनस्पतीचं नाव, रोगाचं नाही), प्रियंगू, वडाचे कोंब आणि मसूर हा लेप शार्ङ्गधरांनी व्यंगासाठी, म्हणजे वांगासाठीच सांगितलाय. मी तो देते, पण पोटातल्या औषधांसोबत, आणि आधी ऊन बंद करून. ज्येष्ठमधातला एक घटक रंगद्रव्य तयार होण्याच्या क्रियेला आडवा येतो हे खरं. तरी चमचाभर चूर्णातून दहा मिनिटांत त्वचेत कितीसं जाणार? आईंना रोज सकाळी सनस्क्रीन लावायची सवय लावा, गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या तरी. टिंट असलेलं मिळालं तर बरं, कारण त्यातली लोहाची संयुगं डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतात आणि वांगाला तोही पुरतो.

आणि त्यांना एक विचारा: औषधाच्या दुकानातून कुणीतरी सांगितलेली गोरेपणाची ट्यूब लावतात का? आपल्याकडे अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असतं. २०१८ मध्ये सरकारने लावायच्या स्टेरॉइड मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली, पण गल्लीतल्या दुकानात ती अजून सहज मिळतात. ती लावून लावून त्वचा पातळ होते, लाल होते, बंद केली की भडकते. मग बाई घरगुती उपायांकडे वळते आणि मसुराच्या पिठानेही जळजळ झाली की पिठाला दोष देते. तसं असेल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गावठी ‘हर्बल’ क्रीमच्या नाव नसलेल्या डब्यांपासूनही लांब राहा. झटपट गोरं करणाऱ्या अशा डब्यांत पारा सापडलेला आहे, आणि पाऱ्याने मूत्रपिंडं जातात.

बहिणीला पाठवायचं ते फक्त कोरडं चूर्ण. दही, दूध, कोरफड, गुलाबपाणी घातलेलं काहीही फ्रिजमध्येसुद्धा दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवू नका. त्यात परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नाही; बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधीच जंतू वाढलेले असतात. मसूर ओल्या फडक्याने पुसून, कडक वाळवून मगच दळा. सगळी चूर्णं एकत्र करण्याआधी ताटात पसरून तासभर पंख्याखाली ठेवा, काचेच्या कोरड्या बरणीत भरा, चमचा कोरडाच घाला. डाळीच्या पिठाला पावसाळ्यात जाळी लागते, म्हणून तीन महिन्यांचं करा, वर्षाचं नको. कुबट वास आला की टाकून द्या; उन्हात घालून वाचवायचा मोह होतो, तो आवरा.

बहिणीची त्वचा तुमच्यासारखीच असेल असं धरू नका. माती चूर्णात मिसळून पाठवू नका, वेगळ्या पुडीत द्या. गरज वाटली तर ती घालेल. तिलाही कोपरावर लावून बघायला सांगा. बरणीवर सगळे घटक आणि दळल्याची तारीख लिहा, म्हणजे कधी पुरळ उठलीच तर डॉक्टरांना दाखवायला हातात काहीतरी असेल. आणि बहिणीच्या मैत्रिणींना आवडलं म्हणून पैसे घेऊन पाठवायचा विचार आला, तर सौंदर्यप्रसाधनं बनवून विकायला परवाना लागतो, त्याची चौकशी आधी अन्न व औषध प्रशासनाकडे करा.